फॉर्म मिळतो, मास्तर मिळत नाही

रात्री साडेनऊला तिचा फोन येतो. भांडी झालेली असतात, सासू झोपलेली असते, पोरगा नववीचं गणित घेऊन शेजारी बसलेला असतो. "मॅडम, हे 'हॅड बीन' काहून लावते? एकट्या 'हॅड'नं भागत नाही का?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात एका अंगणवाडीत ती मदतनीस आहे. वय 36. दहावी झाली त्याला 20 वर्षं झाली. यंदा बारावीला बसते आहे.

हौस म्हणून बसत नाही. 2023 च्या शासन निर्णयानं अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांना बारावी पासची अट आली. मदतनिसाला उद्या सेविका व्हायचं असेल तर तो कागद हवाच. अटीशी माझं भांडण नाही. लहान लेकरांसमोर शिकलेलं माणूस असावं. भांडण त्याच्या पुढचं आहे. अट घालणारी व्यवस्था तिच्या हातात 17 नंबरचा फॉर्म देते आणि तिथंच हात झटकते.

17 नंबरचा फॉर्म म्हणजे शाळा सुटलेल्या माणसाला बाहेरून दहावी-बारावी देण्याची वाट. ऑनलाइन अर्ज करायचा, फी भरायची, नेमून दिलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात कागद नेऊन द्यायचे आणि फेब्रुवारीत हॉलतिकीट घेऊन बाकावर बसायचं. मधल्या महिन्यांत रोज शिकवणारं कुणी नाही. मराठी ती स्वतः वाचते. इतिहास, राज्यशास्त्र गाइडवर निघून जातं. गाडी रुतते ती इंग्रजीत. 80 गुणांचा लेखी पेपर, 20 गुणांची तोंडी, आणि पास व्हायला 35.

तिनं इंग्रजी पाहिलं ते पाचवीत. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. तोवर तिची पहिली मागं पडून गेली होती. आणि परीक्षा मात्र तीच, जी पहिलीपासून इंग्रजी शिकलेल्या 17 वर्षांच्या पोराची.

आता पुस्तकाकडे या. बारावीची इंग्रजी 'युवकभारती' 2020 मध्ये बदलली. त्यात ए. जी. गार्डिनर यांचा 'ऑन सेइंग प्लीज' हा लेख आहे. लंडनमधला एक लिफ्टवाला. 'प्लीज' न म्हणणाऱ्या माणसाला तो लिफ्टबाहेर ढकलून देतो, त्यावरून सुरू झालेला. मी तिला तो वऱ्हाडीत सांगितला. ऐकून ती म्हणाली, "म्हंजे माणसानं माणसाशी नीट बोलावं, एवढंच ना? हे तं साहेबलोकायनं वाचाले पाह्यजे." लेखाचा गाभा तिनं एका वाक्यात धरला. तेच तिला इंग्रजीत लिहायचं आहे, आणि तिथं तिचा हात थांबतो.

दिलीप चित्र्यांची 'फादर रिटर्निंग होम' ही कविताही त्यातच आहे. संध्याकाळच्या लोकलनं थकून परतणारा बाप, आणि त्याच्याशी मोकळं न बोलणारी मुलं. ही कविता ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या घरी बी असंच होतं. बाबा वावरातून आले का आम्ही आत पळायचो." कॉलेजातल्या पोरांना या कवितेखालचे प्रश्न दिसतात. हिला कविता दिसली. मोठ्या वयात शिकणाऱ्याला कमी कळतं, हा समज मी त्या रात्री मोडीत काढला. कळतं जास्तच. फक्त कळलेलं परीक्षेच्या भाषेत कसं मांडायचं, हे कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं. प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कथन, वाक्य फिरवून लिहिणं, मुलाखतीचे प्रश्न तयार करणं, सारांश: हे गाइड पाठ करून येत नाही. चुकलेली वही कुणीतरी तपासावी लागते.

त्याच पुस्तकात ई. आर. ब्रेथवेट यांच्या 'टू सर, विथ लव्ह' कादंबरीतला उतारा आहे. लंडनच्या गरीब वस्तीतली अडेल पोरं आणि त्यांना माणसात आणणारा मास्तर. बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा मास्तर वाचावा लागतो. 17 नंबरवाल्याला तो फक्त वाचायला मिळतो.

आणि आमच्या जिल्ह्याचं वर्ष पाहा. अर्ज भरायचे दिवस पावसाळ्यातले, तेव्हा निंदण. दिवाळीपासून पऱ्हाटीत वेचणी. ही बाई सकाळी अंगणवाडीत खिचडी शिजवते, दुपारी वावरात जाते, रात्री वही उघडते. फेब्रुवारीत परीक्षा येते तेव्हा शेवटचा वेचा शेतातच असतो. अशा बाईला "रोज दोन तास अभ्यास कर" हे सांगणं सोपं आहे. ते दोन तास कुठून काढायचे, हे सांगणारा कुणी नाही.

या पोकळीत दुसरेच लोक शिरतात. "इतके द्या, सेंटरवर पाहून घेऊ," असं सांगणारा तिला भेटला. तिनं नाही म्हटलं. "मले लेकरायसमोर उभं राहा लागते," एवढंच कारण तिनं दिलं. मला ते पुरेसं वाटलं.

इंग्रजी या बायांना कामातही आडवी आली होती. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. फोन धड चालत नव्हते आणि नोंदींचं 'पोषण ट्रॅकर' हे ॲप इंग्रजीत होतं. लेकरांची वजनं, उंची, गरोदर बायांच्या नोंदी या बाया वर्षानुवर्षं रजिस्टरात मराठीत चोख ठेवत आल्या होत्या. कामाची भाषा मराठी हवी, ही त्यांची मागणी शंभर टक्के खरी होती. आणि जिला इंग्रजी शिकायचं आहे तिला ते नीट शिकवा, ही मागणीही तेवढीच खरी आहे. दोन्ही एकाच तोंडानं मागता येतात. मी मागते.

मराठी की इंग्रजी, हा वाद यवतमाळला नवा नाही. जानेवारी 2019 मध्ये इथं 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला बोलावलेल्या नयनतारा सहगल इंग्रजीत लिहितात म्हणून आक्षेप उठला, आणि त्यांना दिलेलं निमंत्रण मागं घेतलं गेलं. शेवटी उद्घाटन झालं ते याच कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांच्या हातून, एका शेतकऱ्याच्या विधवेच्या हातून. त्या दिवसांत इंग्रजीला अडवायला उभे राहिलेले लोक मी पाहिले. अंगणवाडीतल्या बाईला इंग्रजीचा एक धडा समजावून द्यायला उभं राहिलेलं मला अजून कुणी दिसलं नाही.

सावित्रीबाईंनी 1854 च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका म्हणून कविता लिहिली. पुढच्याच वर्षी, 1855 मध्ये, फुले दाम्पत्यानं पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. शिका म्हणून सांगितलं आणि शिकवायला वर्गही उघडला. आपण त्यांच्या जयंत्या करतो. अर्धंच काम उचलतो.

करता येण्यासारखं आहे, आणि फार खर्चाचंही नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून नोकरी-शेती करणाऱ्यांना पदवीपर्यंत नेतं, आणि त्याची अभ्यासकेंद्रं असलेल्या महाविद्यालयांच्याच खोल्या वापरतं. निरक्षर प्रौढांसाठी 'उल्लास' योजनेत स्वयंसेवक आहेत. म्हणजे सही शिकणाऱ्याला कुणीतरी आहे, पदवी घेणाऱ्यालाही आहे. बारावीच्या इंग्रजीशी झुंजणाऱ्याला कुणी नाही. यवतमाळ जिल्ह्यात 16 तालुके आहेत. दर तालुक्याच्या गावी एका कनिष्ठ महाविद्यालयाची एक खोली, रविवारचे तीन तास आणि वह्या तपासणारा एक इंग्रजीचा शिक्षक, एवढंच मागणं आहे. शिक्षकाचं मानधन जिल्हा नियोजनातून निघू शकतं. शिक्षण मंडळानं 17 नंबरच्या अर्जासोबत या वर्गाचा पत्ता छापावा.

तोवर थांबायचं कशाला? पुसदला, वणीला, उमरखेडला, दारव्ह्याला इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले कितीतरी शिक्षक आहेत. तुम्ही त्यातले असाल तर जवळच्या अंगणवाडीत जाऊन एवढंच विचारा, "बारावीला कोण बसलंय?" आणि रविवारी तिची वही मागून घ्या. उशीर करू नका. बारावीच्या परीक्षेत पहिला पेपर इंग्रजीचाच असतो.