नानांची बारी

नानांच्या पडवीत, कडबाकुट्टी आणि फवारणीचा पंप यांच्या मधल्या जागेत, एक मशीन उभं आहे. दुकानदार त्याला क्रॉस ट्रेनर म्हणतो, शिकलेली पोरं इलिप्टिकल म्हणतात आणि आमच्या डिंगोऱ्यात त्याला ‘नानांचा गाडा’ म्हणतात. आलं त्या संध्याकाळी अर्धी आळी बघायला लोटली होती. एकाने दोन्ही दांडे मागेपुढे करून पाहिले, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "नाना, रस कुठून पडतो?" दुसऱ्याने लाईट किती खाईल याची चौकशी केली. काकूंनी नव्या ट्रॅक्टरला करतात तसं हळदकुंकू लावून पुढ्यात नारळ फोडला. मी शेजारी. बांधाचा नव्हे, भिंतीचा. म्हणून अजून बोलणं आहे.

असे नाना तुम्हाला ओतूरला भेटतील, मंचरला भेटतील, घोडेगावच्या एसटी स्टँडवर तर हमखास भेटतील. वय साठीच्या आसपास, डोक्यावर पांढरी टोपी, एकेकाळी अंगाने काटक. आता सदऱ्याचं खालून दुसरं बटण कायम उघडं. ते तुटलेलं नसतं, त्याने राजीनामा दिलेला असतो.

आमच्या नानांची खरी ओळख म्हणजे बैलगाडा. जुकाटाला कुठला बैल, धुरेला कुठला, शर्यतीच्या कुठल्या घाटाला चढ कसा, हे त्यांना तोंडपाठ. खोंड तयार करावा तर नानांनीच. पहिले काही दिवस नुसतं मानेवर जू ठेवून फिरवायचं. मग मोकळा छकडा. मग नांगरटीच्या भुसभुशीत रानातून चालवायचं, मग धरणाच्या पाण्यात पोहणी, मग एखाद्या जाणत्या बैलाच्या जोडीला. घाट दाखवायचा तो सगळ्यात शेवटी. कोणी हौशी पोराने आणल्या आणल्या खोंड घाटात घातला की नाना त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. "आरं, जनावराचा ऊर फुटंल! त्याला दम तर धरू दे." रोज किती चाललं, किती खाल्लं, शेण कसं पडलं, हे सगळं हिशेबाच्या लांब वहीत लिहिलेलं.

मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या आणि डिसेंबर 2021 मध्ये अटी घालून पुन्हा परवानगी दिली. मधल्या साडेसात वर्षांत बैल दावणीला राहिले आणि नाना खुर्चीला. काम नाही म्हणून बैलांचा खुराक कमी केला. स्वतःचा करायचं राहून गेलं. मे 2023 मध्ये घटनापीठाने शर्यतीचा कायदा उचलून धरला, घाट पुन्हा गजबजले, निवेदकाची ‘भिर्रर्र’ पुन्हा कानावर आली. नाना हर्षाने बैलांमागं धावले. चार पावलं. पाचव्याला गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले आणि बारीचे, म्हणजे गाड्याच्या त्या एका धावेचे, सेकंद विचारायचंही त्यांना सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी खताच्या दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर गुपचूप उभे राहिले. 92 किलो. "काटा बिघडलाय," नाना म्हणाले. दुकानदाराने 50 किलोची गोणी ठेवून दाखवली. काटा ठीक होता.

आता कोणी म्हणेल, गावात राहणाऱ्याला कसलं आलंय मशीन? सकाळी उठावं आणि चालावं. हे म्हणणारा माणूस डिंगोऱ्यात राहिलेला नसतो. आमच्या गावातून कल्याण-नगर रस्ता जातो. त्याच्या कडेने चालायचं म्हणजे भाजीच्या पिकअपांना अंग घासून चालायचं आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी माळशेजला धबधबे बघायला निघालेलं पुणं अंगावर घ्यायचं. रस्ता सोडून आत शिरावं तर ऊस, आणि उसात बिबट्या. जुन्नर तालुक्यात हे कोणाला सांगावं लागत नाही. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे ते उगीच नाही. अंधारात एकटं फिरू नका, मोबाईलवर गाणी लावा, रानात वाकून बसू नका, असं वनखातं सांगतं. नाना म्हणतात, "माझा आकार बघ. त्याला मी लांबून गोऱ्हाच वाटणार."

तेव्हा मशीन. ते पुण्यातल्या थोरल्या मुलाचं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये जिम बंद म्हणून त्याने घेतलं, तीन आठवडे चालवलं आणि पुढची तीन वर्षं त्यावर टॉवेल वाळवले. शेवटी सुनेने हॉल मोकळा करून मागितला. टोमॅटो घेऊन गेलेली पिकअप रिकाम्या क्रेटांबरोबर मशीन घेऊन आली.

हे यंत्र 1995 साली अमेरिकेत प्रेकॉर नावाच्या कंपनीने बाजारात आणलं. ते घडवणाऱ्या लॅरी मिलर या इंजिनिअरने म्हणे पळणाऱ्या आपल्या मुलीचं चित्रण केलं आणि पळताना पाऊल हवेत कुठली वाट काढतं ते अभ्यासलं. ती वाट लांबट अंड्यासारखी निघाली. तीच पायपट्ट्यांना दिली. पाऊल पट्टीवरून उचलतच नाही, त्यामुळे पळताना गुडघ्याला बसतो तो आदळ इथे बसत नाही. मी हे नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "पोरगी पळताना दिसल्यावर आपण आधी मागं काय लागलंय ते बघतो. यानं पाय बघितले."

लाईटचं उत्तर मात्र सगळ्यांना आवडलं: लाईट लागत नाही. आत एक जड चाक आणि त्याच्याजवळ चुंबक. वरचा नॉब पिळला की चुंबक चाकाच्या जवळ सरकतं आणि पाय जड पडतात. चुंबक चाकाला शिवत नाही. नानांनी हे जमलेल्या मंडळींना असं समजावलं: "बांधावरचा भाऊबंद असतो ना, तसं. आंगाला हात लावत न्हाय, पन पुढं जाऊ देत न्हाय." त्याहून चांगलं मला अजून सांगता आलेलं नाही.

पहिल्या दिवशी नाना टोपी काढून मशीनवर चढले. नॉबवर एक ते आठ आकडे. ज्या माणसाने जन्मात खोंडाला पहिल्या दिवशी छकडाही लावला नाही, त्याने स्वतःला थेट आठवर घातलं. दावणीच्या बैलांनी रवंथ थांबवून बघितलं. पहिलं मिनिट नाना हसत होते. दुसऱ्याला हसणं थांबलं. तिसऱ्याला दांडे नाना हलवतायत की नानांना दांडे, हे कळेना. चौथ्या मिनिटाला ते उतरले आणि खांबाला मिठी मारून उभे राहिले. गावात सांगताना हाच आकडा ‘धा-पंधरा मिन्टं’ झाला. पुढचे तीन दिवस नाना पायऱ्या आडव्या उतरत होते; कोणी विचारलं तर म्हणायचे, "नांगराला मुरगाळला." दिवस उन्हाळ्याचे होते, नांगर शेजाऱ्याकडे होता.

मग मशीनचं जे होतं ते झालं. दांड्यांवर लसणाच्या जुड्या लटकल्या.

लसूण उतरवला तो पायाच्या मुंग्यांनी. मधे एकदा ईर्ष्येने चढले तर बोटं बधिर झाली. नानांना वाटलं लकवा. त्यांना घेऊन मीच ओतूरला एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. पोरगी पंचविशीची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, टाचा उचलून चवड्यावर उभे राहता का? आणि दांड्यावर सगळा भार टाकून लोंबकळता?" नानांनी माझ्याकडे बघितलं, मी भिंतीवरच्या मणक्याच्या चित्राकडे. टाच टेकवा, पाठ सरळ, दांडा हलका धरा. नॉब एकवर. आठ मिनिटं, एक दिवस आड. सुरुवातीची आणि शेवटची दोन मिनिटं अगदी सावकाश. "आणि काका, चालवताना बोलता आलं पाहिजे. गाता येत असेल तर फार हळू चाललंय, बोलता येत नसेल तर फार जोरात." छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबा, आधी रक्तदाब तपासून या, हेही तिने दोनदा बजावलं.

परतीच्या वाटेवर नाना गप्प होते. उदापूरच्या आसपास एकदम म्हणाले, "ती जे बोलली ना, ते मी खोंडाबद्दल चाळीस वर्षं बोलतोय."

त्या रात्री वही निघाली. डाव्या पानावर बैल होताच, उजव्या पानावर नानांनी स्वतःला घेतलं. मी ते पान पाहिलंय. वर शीर्षक ‘आपण’. खाली: ‘सोम. 8 मि. नॉब 1. दम बरा. बुध. 8 मि. घाम. शुक्र. 8 मि. कंटाळा.’ दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवायची आणि बाकी कशाला हात लावायचा नाही. आधी वेळ वाढवायचा, मग आठवड्यातले दिवस, नॉब सगळ्यात शेवटी; आणि नॉब वाढवला की वेळ पुन्हा खाली आणायचा. मी एकदा म्हटलं, दोन्ही एकदम वाढवू या की. नानांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "जुकाटात दोन्ही बैल एकदम नवं घालतो का कोनी?"

बोलण्याची परीक्षा नाना हरिपाठावर घेतात. चालवता चालवता म्हणायचं. अभंगाचं चरण मधेच तुटलं की वेग कमी. त्यामुळे सकाळी साडेसहाला नानांच्या पडवीतून येणारा हरिपाठ इतर कुठल्याही हरिपाठासारखा नसतो. त्यात ‘हुश्श’ हे पालुपद असतं. बारा आठवड्यांनी अर्धा तास झाला तेव्हा त्यांनी बाऱ्या सुरू केल्या. एक मिनिट जोरात, दोन मिनिटं संथ, अशा पाच. शहरातले लोक याला इंटरव्हल म्हणतात. नाना जोराच्या मिनिटाला स्वतःच तोंडाने ‘भिर्रर्र’ करतात. एकदा दावणीचा बैल त्याला फसला आणि खुंटा उपटून निघाला.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने आठवड्याला मध्यम जोराचा 150 मिनिटं तरी व्यायाम करावा. हा आकडा ऐकून नाना हादरतील असं मला वाटलं होतं. "म्हंजी अडीच तास," ते म्हणाले. "एका दशक्रियेचं प्रवचन आन् वर पुढाऱ्यांची भाषणं. आठवड्याला दोन करतो मी तशा." ज्याने आमच्या भागातल्या नदीघाटांवर सकाळी मांडी घालून श्रद्धांजल्या ऐकल्यात, त्याला मशीनवर पाच दिवस अर्धा अर्धा तास काहीच वाटू नये.

भांडण झालं ते कॅलरीवर. मशीनच्या छोट्या पडद्यावर आकडा येतो. एक दिवस नाना उतरले आणि सुट्टीला आलेला नातू चढला. वेळ तेवढाच, वेग साधारण तेवढाच, नॉब तोच. आकडाही जवळपास तोच आला. नाना 92 किलो, नातू 31. हा पडदा वजन विचारतच नाही, चाकाच्या फेऱ्या मोजून अंदाज ठोकतो. नाना संतापले. "असा काटा नारायणगावच्या बाजारात असता तर लोकांनी क्रेट फेकून मारले असते." तरी तो आकडा खरा धरून मी हिशेब मांडला. शरीरातल्या एक किलो चरबीत ढोबळमानाने 7,700 कॅलरी. दिवसाला 180 जळाल्या तर एका किलोला 43 दिवस. तेही ताटातलं काही न वाढवता.

ताट! नाना व्यायाम करून उतरले की काकू मायेने विचारायच्या, "दमलात, काहीतरी खा." आणि आमच्याकडचं काहीतरी म्हणजे मासवडी. बेसनाच्या पोटात तीळ, खोबरं, कांदा भरून केलेल्या वड्या, वर तर्रीचा रस्सा, शेजारी बाजरीची भाकरी. अर्ध्या तासाची बारी तीन वड्यांत फिटते. त्यात लग्नसराई, त्यात प्रत्येक दारात चहा, आणि चहा नको म्हणणं म्हणजे आमच्याकडे जुनं भांडण उकरून काढणं. एप्रिल-मेच्या पानावर वजनाचा आकडा हलत नाही. समोर नानांनी प्रामाणिकपणे लिहिलंय: ‘लग्नं 11. साखरपुडे 3. यात्रा 4. मशीनचा दोष नाही.’

आता चहा निम्मा आणि बिनसाखरेचा, संध्याकाळी एकच भाकरी, मासवडी रविवारी. काकूंशी तह झालाय. आखाडात मात्र उजव्या पानावर सलग दोन आठवडे एकच शब्द आहे: ‘मटण’.

वजन किती उतरलं ते नाना सांगत नाहीत. खताच्या दुकानदाराला माहीत आहे, पण तो उधारीमुळे गप्प असतो. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटरच्या आत हवी असं डॉक्टर सांगतात. नानांकडे टेप नाही, करदोटा आहे. काळा, जुना, रुतून रुतून चपटा झालेला. गाठ पूर्वी जिथे होती तिथे दोऱ्याला एक पांढुरकी खूण आहे. नवी गाठ त्या खुणेपासून तीन बोटं आत बसलीय. हे मी स्वतः पाहिलं, धरणावर बैल पोहणीला नेले होते तेव्हा.

परवा थोरल्याचा फोन आला: वापरत नसाल तर मशीन काढून टाकू, गिऱ्हाईक आहे. ओतूरच्या दोघांनी भाव विचारलाय. तेव्हा सगळ्यांसाठी एकदाच सांगतो, नानांनीच सांगायला सांगितलंय: गाडा विकायचा नाही. बघायला मात्र खुशाल या, पण सात वाजल्यानंतर. त्याआधी हरिपाठ चालू असतो आणि बैल मोकळा असू शकतो.