राहात्याची गोणी, ढाक्याचं ताट

राहाता बाजार समितीत कांद्याच्या गोण्या उतरतात. एक नंबर, दोन नंबर, गोल्टी, जोड अशी प्रतवारी होते आणि लिलाव पुकारला जातो. भाव आडत्याच्या तोंडून येतो, पण तो ठरलेला असतो फार लांब. कधी दिल्लीतल्या एखाद्या अधिसूचनेनं, कधी ढाक्यातल्या आयात परवान्यानं.

बांगलादेश हे वर्षानुवर्षं आपल्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक. नगर-नाशिकचा माल ट्रकमध्ये भरून पश्चिम बंगालमधल्या घोजाडांगा, महदीपूरच्या नाक्यांवरून पलीकडे जातो. दोन्ही देश दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात, म्हणजे ‘साफ्टा’त आहेत. २००४ मध्ये इस्लामाबादला सह्या झाल्या, २००६ पासून करार लागू झाला. कागदावर शेजाऱ्यांची ही एकच बाजारपेठ आहे.

आता शेतातला हिशोब बघा. २९ सप्टेंबर २०१९ : कांदा निर्यातबंदी. १४ सप्टेंबर २०२० : पुन्हा बंदी, भरलेले ट्रक सीमेवर अडकले. १९ ऑगस्ट २०२३ : चाळीतला उन्हाळ कांदा बाहेर निघत असताना ४० टक्के निर्यातशुल्क. ७ डिसेंबर २०२३ : लाल कांदा ऐन भरात असताना पूर्ण बंदी. लाल कांद्यात पाणी जास्त, तो चाळीत टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. बंदीच्या दुसऱ्या दिवशी जो भाव मिळेल तो घ्यायचा, एवढंच शेतकऱ्याच्या हातात उरतं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. जेवणात कांदा घालू नकोस, असं स्वयंपाक्याला सांगावं लागल्याचं त्यांनी उद्योजकांच्या सभेत ऐकवलं. बंदी घालण्याआधी कळवत जा, एवढीच त्यांची विनंती होती. वर्षभरात तसंच पुन्हा घडलं. मग ढाक्यानं इजिप्त, तुर्कस्तान, चीन, म्यानमार, पाकिस्तानकडून कांदा मागवला. स्वतःच्या शेतकऱ्यांना लागवड वाढवायला लावली आणि त्यांचा हंगाम सुरू झाला की भारतीय कांद्याचे परवाने रोखायला सुरुवात केली. त्यात त्यांचा दोष नाही. शेजारी भरवशाचा नसेल तर शहाणा माणूस दुसरी सोय बघतोच. गिऱ्हाईक आपण घालवलं आणि त्याची किंमत राहात्याच्या गोणीनं मोजली.

निर्यातीचं दार असं रात्रीत बंद होतं. आयातीचं दार मात्र करारानं उघडं ठेवलेलं आहे. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आपण आयातीवर भागवतो. आसियान देशांशी झालेला वस्तुव्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे आणि इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल आपल्या प्रत्येक वाण्याकडे आहे. नेपाळात पामच्या बागा नाहीत. तरीही कच्चं तेल बाहेरून आणायचं, शुद्ध करायचं आणि ‘साफ्टा’च्या शून्य शुल्कानं भारतात पाठवायचं, हा धंदा तिथं भरभराटीला आला. इकडे २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि राज्यातल्या बाजारांत सोयाबीन त्याखाली विकलं गेलं. कारणं अनेक होती, स्वस्त आयात तेल हे त्यातलं ठळक.

दोष प्रादेशिक व्यापाराचा नाही. दोष आहे तो एकतर्फी बांधिलकीचा. आयातशुल्क कमी ठेवायला सरकार करारानं बांधलेलं असतं. निर्यात रोखायला मात्र ते मोकळं राहतं, कारण अन्नधान्याची तीव्र टंचाई असेल तर तात्पुरती निर्यातबंदी घालायची मुभा जागतिक व्यापाराच्या नियमांतच आहे. टंचाई कशाला म्हणायचं, हे ठरवतं सरकारच. म्हणजे परदेशी पुरवठादाराला लेखी हमी आणि आपल्या शेतकऱ्याला रात्री निघणारी अधिसूचना. हा अन्याय आहे.

शिर्डीच्या हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाईला कांदा महाग झाला की झळ बसते, हे खरंच आहे. तिला स्वस्त कांदा मिळालाच पाहिजे. पण तो सरकारी तिजोरीतून मिळावा. २०२३ मध्ये केंद्रानं पाच लाख टनांच्या राखीव साठ्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. साठा वेळेवर आणि रास्त भावानं खरेदी करा, टंचाईत शहरात सवलतीनं विका, तोटा सरकारनं सोसावा. आज हा तोटा चाळीत कांदा साठवणाऱ्या शेतकऱ्याकडून वसूल होतो. त्याला सवलत म्हणत नाहीत, लूट म्हणतात.

सरकारला ऐकू येत नाही, असंही नाही. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारत ‘आरसेप’ या प्रादेशिक व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला. न्यूझीलंडच्या दूध पावडरीची धास्ती घेतलेल्या दूध उत्पादकांचा आवाज तेव्हा पोहोचला होता. कांद्यावरची बंदी ४ मे २०२४ ला उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. शिर्डी आणि नगर मतदारसंघांत मतदान १३ मे ला होतं. मतपेटी समोर आल्यावरच शेतकरी दिसत असेल, तर ते धोरण नव्हे.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. निर्यातीचं धोरण पेरणीआधी जाहीर करा आणि हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावू नका. सौदा झालेला, ट्रकमध्ये भरलेला माल कोणत्याही बंदीतून वगळा. बांगलादेशाशी दरवर्षीचा किमान कोटा लेखी ठरवा, दोघांनाही बांधणारा. आणि त्या वाटाघाटीत कांदा उत्पादकांचा प्रतिनिधी बसवा.

याच राहाता तालुक्यात, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. पीक आपलं, तर त्याच्या बाजारावरही आपला हक्क, हा त्यामागचा विचार होता. आता तो बाजार घोजाडांग्याच्या पलीकडे गेला आहे. हक्कही तिथपर्यंत गेला पाहिजे.