इंचकरी

ऑक्सफर्डशायरमधल्या एखाद्या खेड्यात, पबसमोरच्या मोकळ्या जागेत, रविवारी जुन्या गाड्या जमतात. बघे लोक रंग न्याहाळतात, बॉनेट उघडं असेल तर इंजिनात डोकावतात, कुणी सीटच्या चामड्यावरून हात फिरवतं. एक गृहस्थ मात्र थेट चाकाशी उकिडवा बसतो आणि टायर व मडगार्ड यांच्यातल्या फटीत बोटं घालतो. चार बोटं गेली की त्याचा चेहरा पडतो. तीन गेली तर ‘अजून बसेल’ असं पुटपुटतो. दोनच गेली तर मालकाशी बोलणं सुरू होतं आणि दोघांचंही जेवण निवतं. गाडी कोणत्या सालची, किती धावली, मुळात चालते का, हे प्रश्न नंतरचे. वारकऱ्याला जशी वारी, तसा याला इंच. तेव्हा त्याला इंचकरी म्हणायला हरकत नसावी.

इंचकऱ्याचं दैवत बहुधा एमजीबी. आपल्याकडे एमजी म्हटलं की गुजरातेतल्या हालोलला बनणारी हेक्टर डोळ्यांसमोर येते, आणि तिचा ग्राहक तर उंच बसायला मिळतं म्हणूनच पैसे मोजतो. एमजीबीचं कुळ निराळं. १९६२ साली अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून ही दोन माणसांची उघडी गाडी बाहेर पडली, १९६५ मध्ये तिला टपाची जीटी बहीण मिळाली, आणि १९८० मध्ये उत्पादन थांबेपर्यंत दोन्ही मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. त्यांतला मोठा हिस्सा अमेरिकेला गेला. इंचकऱ्याचं दुःखही तिथूनच आलं.

अमेरिकेत बंपरच्या मजबुतीचे आणि हेडलाइटच्या उंचीचे नवे नियम आले. गाडीचा पुढचा भाग नव्याने आखायला ब्रिटिश लेलँडकडे पैसा नव्हता. मग १९७४ च्या उत्तरार्धात चकचकीत क्रोमच्या बंपरांऐवजी काळे, जाडजूड रबरी बंपर आले आणि हेडलाइट नियमात बसावेत म्हणून अख्खी गाडीच इंच-दीड इंच वर उचलली गेली. दिवे वर घेण्यासाठी गाडी वर घेणं ही युक्ती सरकारी खात्याला शोभली असती. त्यातच काटकसर म्हणून उघड्या रोडस्टरचा पुढचा अँटी-रोल बार काढून टाकला. गाडी उंच झाली आणि वळणावर झुकण्यापासून रोखणारी दांडीही गेली. १९७७ च्या मॉडेलला ती परत मिळाली, सोबत मागचीही आली, पण उंची राहिली ती राहिलीच.

रबरी बंपरच्या गाड्या स्वस्तात मिळतात, म्हणून इंचकरी तसलीच घेतो. आणि ती खाली आणण्याच्या उद्योगाला तो जवळजवळ स्वातंत्र्यलढा मानतो. गाडी खाली का आणायची, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: हँडलिंग. ‘बरी दिसते म्हणून’ हे उत्तर त्याच्या तोंडून कधी निघत नाही. खरं तर तेवढं उत्तर पुरेसं आणि प्रामाणिक आहे. पण मग शास्त्र सांगायला वाव उरत नाही.

तरुणपणी तो पुढची स्प्रिंग कापतो. अँगल ग्राइंडर भाड्याने आणतो, एक वेटोळं उडवतो, गाडी खाली बसते, तो खूश. स्प्रिंगचं गणित मात्र तो झोपल्यावरही चालू असतं. काम करणारी वेटोळी आठ असतील आणि एक गेलं, तर उरलेली स्प्रिंग आठास सात या हिशेबाने सुमारे १४ टक्के कडक होते. ‘बघ, फुकटात कडक झाली’ असं तो मित्राला सांगतो. हालचालीची जागा किती गेली ते सांगत नाही. चाकाला वर यायला तीन इंच होते तिथे दोनच उरले, तर तोच खड्डा तेवढ्यात पचवायला स्प्रिंग सव्वादोन पट कडक हवी. चौदा टक्क्यांनी काय होणार! उरलेला हिशेब रबरी बंप-स्टॉप चुकता करतो. लोण्याच्या गोळ्याएवढ्या त्या रबरावर गाडीचं नाक आदळतं तेव्हा इंचकरी म्हणतो, स्पोर्ट्स कार अशीच हवी, टणक!

वय वाढतं तसा तो कॅटलॉगवर येतो. आता वाद पौंडांचे. पैशांचे नव्हेत, स्प्रिंग एक इंच दाबायला लागणाऱ्या पौंडांचे. ‘मी चारशेच्या बसवल्या’ असं कुणी म्हटलं की दुसरा लगेच साडेचारशेच्या मागवतो. ही स्प्रिंग चाकावर नसून चाक धरणाऱ्या आडव्या विशबोनवर, आतल्या बाजूला बसते, हे दोघांनाही मान्य असतं, पण त्याचा परिणाम कुणी बोलत नाही. चाक एक इंच हललं आणि स्प्रिंग अर्धाच, तर चाकापाशी तिचा कडकपणा निम्मा नव्हे, एक चतुर्थांश भरतो. चारशेचे शंभरच हाती लागतात. पबमध्ये मात्र चारशेच बोलायचे.

मागच्या बाजूला पाटे असतात, बैलगाडीपासून ट्रकपर्यंत सगळ्यांनी वापरलेले. तिथे सोपी वाट म्हणजे आस आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळणं. नव्याने कमान दिलेले पाटे आणणं ही महागडी वाट. पुढे सोवळं पाळायचं तर क्रोम बंपरच्या जुन्या गाडीचा क्रॉसमेंबर, म्हणजे पुढचं सस्पेन्शन पेलणारी आडवी तुळई, शोधून बसवायचा. त्यात स्टिअरिंगच्या जुळणीतही हात घालावा लागतो. जो ते करतो, त्याला संप्रदायात नमस्कार मिळतो, आणि करणारा नमस्कार घेण्यासाठी दर रविवारी हजर असतो.

शॉकअपच्या बाबतीत तर पंथ पडले आहेत. एमजीबीला मुळात आर्मस्ट्राँगचे लिव्हर-आर्म शॉकअप असत. लोखंडी डबा, आत तेल, बाहेर हात. हात हलला की आतले पिस्टन तेल छिद्रांतून ढकलतात आणि हेलकाव्याची ऊर्जा उष्णता होऊन जाते. ते गळतात. गळले की तेल भरायचं, आणि इंचकरी तिथे दाट तेल भरून ‘अपरेट केलं’ म्हणतो. यापुढची पायरी म्हणजे ते काढून नळीचे टेलिस्कोपिक बसवणं. मागे ते सहज जमतं. पुढे मात्र शॉकअपचा हात हाच चाक धरून ठेवणारा वरचा विशबोन आहे. त्यामुळे साध्या किटमध्ये जुन्या शॉकअपचं तेल काढून घेतात, काम नव्याकडे सोपवतात आणि जुन्याला जागेवर बसवून ठेवतात. अधिकार काढून घेतलेला अधिकारी खुर्चीसकट कचेरीत ठेवावा तसा. खुर्ची काढली तर चाकच निघेल.

मग नळी कुणाची? डच कोनी घेणारा माणूस धीराचा असतो. जुन्या धाटणीचा कोनी कमी-जास्त करायचा तर गाडीतून काढून, पूर्ण दाबून, फिरवून परत बसवावा लागतो. ब्रिटिश स्पॅक्सला बाजूला स्क्रू असतो, त्यामुळे स्पॅक्सवाला सिग्नललाही उतरून फिरवेल अशी भीती वाटते. बिल्स्टाइनवाला जर्मन वायुदाबाबद्दल आदराने बोलतो आणि काही फिरवायचंच नसल्याने सर्वांत सुखी दिसतो. बहुतेक जण स्क्रू पूर्ण आवळतात, कारण पैसे पूर्ण मोजलेले असतात. इथे एक गंमत आहे. तेलाचा शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही, ते स्प्रिंगचं काम. तो फक्त वेग रोखतो. परतीचा वेग फारच रोखला, तर एका खड्ड्याने दबलेली स्प्रिंग पूर्ण उलगडण्याआधीच दुसरा खड्डा येतो, मग तिसरा, आणि गाडी पायरीपायरीने खाली उतरत बंप-स्टॉपवर जाऊन बसते. म्हणजे आवळलेल्या स्क्रूने गाडी धावता धावता आणखी खाली येते. इंचकऱ्याला हे कळलं तर तो तक्रार न करता आभार मानेल.

हे सगळं कुणी आधी सांगून ठेवलं नव्हतं असं नाही. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेलेल्या मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकातच पुढे-मागे वजनं सरकवता येणारी गाडी बांधून दाखवून दिलं, की पुढचा हेलकावा मागच्यापेक्षा थोडा संथ असला तर गाडी घोड्यासारखी डुलत नाही. वजनाने २५ सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग सेकंदाला सुमारे एक हेलकावा देते; सहा सेंटिमीटरच दबणारी, दोन. बसणाऱ्याचं पोट पहिल्याला राजी असतं. आणि ज्या वर्षी एमजीबी आली त्याच १९६२ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटसने एलान आणली: मऊ स्प्रिंगा, चाकांना हलायला भरपूर जागा आणि नेमके शॉकअप. आजही वळणांवर गाडी कशी चालावी याचं उदाहरण देताना तिचंच नाव घेतात. इंचकऱ्याला एलान मनापासून आवडते. फक्त ती जरा उंच आहे असं त्याचं मत आहे.

गुरुत्वमध्य खाली येतो, हा त्याचा हुकमाचा पत्ता. तो खरा आहे. पण विशबोनचे कोन बदलले की गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते, तो रोल सेंटर अनेकदा त्याहून जास्त खाली जातो. दोहोंतलं अंतर वाढलं की झुकवणारा जोर उलट वाढतो. बुटकी गाडी जास्त झुकते! मग जाड अँटी-रोल बार. मग त्याचे पॉलियुरेथेनचे बुश. मग त्या बुशांची करकर.

बुशांवरून संप्रदायात घडणारा एक प्रकार तर हमखास. नवी स्प्रिंग बसवताना गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत. तशातच रबरी बुशांचे बोल्ट करकचून आवळले की रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली तरी पिळलेलं रबर तिला वर ढकलत राहतं. हे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. इंचकरी मोजपट्टी लावतो, अर्धा इंच कमी पडलेला पाहतो, आणि बोल्टाकडे न बघता आणखी आखूड स्प्रिंगा मागवतो.

त्यानंतर रस्ता येतो. इंग्लंडमधल्या नियमानुसार स्पीड ब्रेकर १०० मिलिमीटरपर्यंत उंच असू शकतो, आणि एमजीबीचा सायलेन्सर मुळातच जमिनीशी सलगी करणारा. शेजारच्या सीटवर मांडीत चहाचा थर्मास धरून बसलेल्या बायकोला त्या भागातले सगळे स्पीड ब्रेकर क्रमाने पाठ होतात. नवऱ्याने कोणते शॉकअप घेतले हे तिला माहीत नसतं, पण ते कोणत्या गावापासून बिघडले हे ती अचूक सांगते. तिचं मत कुणी विचारत नाही, ही या क्षेत्रातली मोठीच हानी.

कायदा मात्र इंचकऱ्याच्या बाजूने आहे. मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणी माफ आहे. अट एवढीच, की गाडीत ‘मोठा बदल’ केलेला नसावा. सस्पेन्शनचा प्रकार बदलणं हा मोठा बदल. पण आस आणि चाकांकडच्या भागांत सुरक्षितता किंवा कार्यक्षमता वाढवण्यासाठी केलेला बदल चालतो. आणि तसं मालकानेच जाहीर करायचं असतं! आयुष्यभर ‘हँडलिंग, हँडलिंग’ म्हणत दिसण्यासाठी गाडी खाली आणलेल्या माणसाला सरकार स्वतःहून कारण पुरवतं. इंचकरी सही ठोकतो.

तरीही मन खातं म्हणून तो एकदा स्वखुशीने तपासणीला जातो. तपासनीस बॉल जॉइंट हलवून बघतो, शॉकअप दाबून बघतो, ठीक म्हणतो. अडतं हेडलाइटपाशी. गाडीचं नाक खाली गेल्यामुळे दोन्ही झोत रस्त्यात फार जवळ पडताहेत. तपासनीस म्हणतो, स्क्रू फिरवून दिवे जरा वर करून घ्या. इंचकरी दोन पावलं मागे सरकतो, गाडीला बाजूने निरखतो, आणि त्याला तिढा सुटलेला दिसतो. नाक खाली नाहीच. मागची बाजू अर्धा इंच वर आहे.