नाक आणि भोपळा

बंगळूरच्या गांधी बझारात कॉफी दळून देणाऱ्या दुकानाच्या पलीकडच्या फूटपाथवर उभं राहून, नुसत्या वासावरून मी चिकोरीचं प्रमाण सांगतो. ८०-२० की ७०-३०, लगेच. पाकिटावर चिकोरीचा टक्का छापलेला असतो, पण तो मी आधी वाचत नाही, हे सगळ्यांना बजावून ठेवलेलं आहे. बसवनगुडीतल्या मराठी मंडळींत माझ्या नाकाला मान आहे. निदान अजून तरी कुणी परीक्षा घेतलेली नाही.

या नाकाच्या जोरावर मी इतरांच्या इंद्रियांबद्दल भलताच कडक झालोय. ‘मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय हो!’ असं कुणी म्हणालं की माझ्या अंगात एच. नरसिंहय्या संचारतात. आमच्या नॅशनल कॉलेजचे एच.एन.; भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, खादीधारी, कॉलेजच्या वसतिगृहातल्या एका खोलीत आयुष्य काढलेले. १९७६ साली बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना त्यांनी चमत्कारांची तपासणी करायला समिती नेमली आणि हवेतून अंगठ्या, विभूती काढणाऱ्या सत्य साईबाबांना तीन पत्रं लिहिली. अंगठी नको, भोपळा काढून दाखवा, असं त्यांचं म्हणणं.

या भोपळ्यावर माझा फार जीव आहे. गांधींनी मीठ निवडलं तितकीच ही निवड अचूक. नारळ का नाही? नारळ शालीखाली जातो. काकडी तर बाहीतच वाढलेली वाटेल. फणस चालला असता, पण त्याचा वास आधीच चहाडी करतो, आणि शिवाय मोसमाची सबब. भोपळा बारमाही, बेढब, निगरगट्ट. कुठल्याही कफनीत तो लपत नाही आणि लपला तर कफनीच आधी बोलते. लाल असावा की दुधी, यावर मी एकदा जेवणाच्या पंगतीत इतका वेळ बोललो की वाढप्यानं मठ्ठा पुढच्या पानावर वाढला. (लालच. दुधी बाहीत जातो.)

पत्रांना उत्तर आलं नाही. विज्ञानानं इंद्रियांच्या कक्षेत राहावं, अध्यात्म त्यापलीकडचं, असं बाबांचं म्हणणं पडलं. इथे मात्र माझी विनोदबुद्धी संपते. अंगठी दाखवायची डोळ्यांना, विभूती द्यायची बोटांना, आणि तपासायची वेळ आली की मामला इंद्रियांपलीकडचा!

नाकाचा विषय निघाला की मात्र मी एच.एन. राहत नाही. २००१ साली बोर्दोच्या संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग मिसळून ५४ विद्यार्थ्यांना दिली, तर वास घेऊन त्यांनी लाल वाइनची विशेषणं लावली. हे वाचून मी म्हणालो, फ्रेंचांची नाकं! शास्त्रही माझ्याच बाजूला: आमच्या गल्लीतल्या माध्वांना पूज्य असलेले तत्त्वज्ञ जयतीर्थ परंपरेनं मंगळवेढ्याचे, म्हणजे आपल्याकडचेच. ते प्रत्यक्षाला प्रमाण मानतात, पण अट घालतात: इंद्रिय निर्दोष हवं. अट मला एकदम पटली. दोष इतरांच्यात असतात.

आईचं नाक २०२१ मध्ये कोरोनानं नेलं. वासाच्या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींवर तो विषाणू घाला घालतो म्हणतात. बहुतेकांचा वास परत आला, तिचा नाही. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. बाकी सगळी चव घशामागून नाकात जाते. त्या वर्षी रत्नागिरीहून पेटी आली. तिनं पहिली फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, ‘‘गोड आहे.’’ हापूस खाऊन नुसतं ‘गोड आहे’ कुणी म्हणत नाही. मी उठून उगाच पाणी प्यालो.

कॉफी अजून तीच करते. डिकॉक्शन रंगावरून, दूध आवाजावरून, साखर हाताच्या सवयीवर. घरात तिच्याइतकी चांगली कुणाला जमत नाही, मला तर नाहीच. फिल्टरचं झाकण उघडलं की मला हाक येते.

‘‘कसा आलाय रे वास?’’

मी डोळे मिटतो, छाती भरून श्वास घेतो, चिकोरीचे टक्के मोजणारं नाक पणाला लावतो.

‘‘कॉफीसारखा.’’

‘‘एवढ्या मोठ्या नाकाला एवढंच?’’ आई हसते. ‘‘बरं, आमटीत हिंग पडलाय का, तेवढं तरी सांग.’’