फवारा बिघडल्यास : नागपूरकर गृहस्थांसाठी सर्वसाधारण सूचना

घरापुढच्या लॉनचा फवारा बिघडला असे वाटताच गृहस्थाने लगेच प्लंबरला फोन करू नये. आधी घड्याळ पाहावे. मे महिना, दुपारचे दोन, गवत माना टाकून पडलेले, एवढ्या पुराव्यावर फवाऱ्याला दोषी धरता येत नाही. या शहरात 23 मे 2013 ला पारा 47.9 अंशांवर गेला होता. मे 2024 मध्ये तर एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले. हवामान खात्याने यंत्रात बिघाड असल्याचे सांगितले, पण नागपूरकरांनी एकमुखाने यंत्राची बाजू घेतली. अशा हवेत भर दुपारी उडवलेल्या पाण्याचा बराच भाग उन्हावर आणि वाऱ्यावर खर्ची पडतो. गवताच्या मुळाशी उरलेसुरले जाते. शेजाऱ्याच्या व्हरांड्याला फुकट गारवा द्यायचा असेल त्याने हा कार्यक्रम नवतपाचे कडक ऊन संपेपर्यंत खुशाल चालू ठेवावा. इतरांनी पहाटे पाच ते सातची वेळ धरावी. तेव्हा वारा पडलेला असतो आणि कूलरही अजून आपल्या वाटणीचे पाणी मागायला उठलेला नसतो.

पहाटेही फवारा चालेना, तर मग दाबाकडे वळावे. ही तक्रार बहुधा माळ्याकडून येते आणि तिचे शब्द ठरलेले असतात : "काका, हेड वर येऊनच नाही राहिला." यावर काका हेड बदलायला सांगतात. बर्डीच्या बाजारातून नवे हेड येते. तेही वर येत नाही. मग कंपनी बदलली जाते. नवी कंपनीही जमिनीतच तोंड खुपसून बसते, तेव्हा काकांच्या मनात माळ्याविषयी संशय येऊ लागतो.

दोष ना हेडचा, ना माळ्याचा. पाणी उंचावरून येते तेव्हा साधारण 33 फुटांमागे एक किलो दाब मिळतो. जमिनीतून डोके वर काढणाऱ्या फवाऱ्याला नीट उडायला दोनेक किलो लागतात. तुमच्या दुमजली घराच्या गच्चीवरची टाकी फार तर 25-30 फुटांवर असते. तेव्हा उपाय दोनच : एक तर नागपूर सुधार प्रन्यासाकडून आणखी तीन-चार मजल्यांचा नकाशा मंजूर करून घ्यावा आणि टाकी तिथे चढवावी, किंवा जमिनीतल्या टाकीवर एक लहानशी प्रेशर मोटर बसवावी. दुसरा उपाय स्वस्त आहे. तिसराही एक आहे, तो सगळ्यांना माहीत असतो आणि कोणीच केलेला नसतो : नळाच्या लाइनवरच टिल्लू पंप. नळ आला की हा पंप आपल्या घरासोबत शेजारच्या चार घरांचेही पाणी ओढतो. जुन्या लाइनला कुठे भेग असेल तर आजूबाजूच्या नालीतलेही थोडे ओढून घेतो. महापालिकेची माणसे तो जप्त करून नेतात. फवाऱ्यासाठी म्हणून आणलेला पंप जप्त झाला, हे सोसायटीत सांगायलाही बरे दिसत नाही.

दाब जास्त झाला तरी पंचाईतच. मग थेंब उरत नाहीत, धुके होते. फोटो सुंदर येतात आणि गवत कोरडे राहते.

दाब ठीक असूनही फवारा एका अंगाला उडतो, दुसऱ्या अंगाला नुसता लाळ गाळतो, तर नोझल चोंदली आहे असे समजावे. इथे घराघरांतून एक तार निघते. खिडकीच्या जाळीची असो की बांधकामाची, ती नोझलमध्ये खुपसून फिरवण्यात कर्तबगारी आहे असा आपल्याकडे समज आहे. ज्याला फवाऱ्याचा पिचकारीत कायमचा कायापालट करायचा असेल त्याने तार अवश्य वापरावी. भोक मोठे झाले की धार बदलते आणि मग ते पुन्हा लहान करण्याची विद्या कोणाला येत नाही. खरी कृती कंटाळवाणी आहे. हेड हाताने वर ओढावे आणि खाली जाऊ नये म्हणून त्याला कपड्यांचा चिमटा लावावा. नोझल फिरवून काढावी. तिच्या खाली एक इवलीशी जाळी असते. बहुतेक घरांत ती बसवल्या दिवसापासून कोणी पाहिलेली नसते, आणि सगळी रेती, शेवाळ, पाइपच्या सोल्युशनचे वाळलेले तुकडे तिथेच मुक्कामाला असतात. बोअरच्या जड पाण्याने कूलरच्या वाळ्यावर जो पांढरा थर चढतो, तोच इथेही चढतो. नोझल आणि जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवावी, सकाळी जुन्या टूथब्रशने घासावी. परत बसवण्याआधी नोझलशिवाय एक-दोन मिनिटे पाणी सोडावे, म्हणजे पाइपातला गाळ बाहेर पडतो. ही शेवटची पायरी सगळे गाळतात. म्हणून तीच नोझल दुसऱ्या आठवड्यात पुन्हा चोंदते आणि दोष नोझलच्या जातीकुळीवर जातो.

हेडच्या बुडाशी डबके साचत असेल तर खालचा पाइप फुटला आहे. बहुधा त्यावरून कोणाची तरी कार गेलेली असते. ती कोणाची, याची चौकशी करू नये, घरचीच निघते. तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळण्याची पद्धत आहे. पट्टी मोटर सुरू होईपर्यंत उत्तम टिकते. फुटका तुकडा आरीने कापून, कपलर आणि सोल्युशन लावून, पाइप चांगला वाळू द्यावा. आणि तेवढा वेळ कोणी "पाहू बरं, सोडून पाहू" म्हणून नळ फिरवणार नाही, यासाठी घरातल्या एका कडक माणसाची नेमणूक करावी.

आता वाट्यांचा प्रयोग. स्वयंपाकघरातून सारख्या मापाच्या दहाबारा सरळ कडांच्या वाट्या किंवा डबे घ्यावेत, लॉनवर पंगतीसारखे मांडावेत आणि पंधरा मिनिटे फवारा चालवावा. मग शाळेच्या पट्टीने प्रत्येकातले पाणी मोजावे. घरच्या मंडळींनी या वेळी खिडकीतून काय बोलावे, याबद्दल सूचना देण्याची गरज नाही. एका वाटीत पाच मिलिमीटर आणि दुसरीत एक निघेल. याचा अर्थ फवारे फार लांब लांब बसवलेत. एका फवाऱ्याचे पाणी दुसऱ्याच्या बुडापर्यंत पोहोचायला हवे. ते पोहोचत नाही म्हणून गृहस्थ कोरड्या कोपऱ्यासाठी वेळ दुप्पट करतो, आणि ओला कोपरा बेडकांच्या ताब्यात जातो.

मोजलेच आहे तर हिशेबही करून टाकावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. हजार चौरस फुटांचे लॉन म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. त्यावर पाच मिलिमीटर फवारले की 465 लिटर झाले. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर हे पाण्याचे ठरलेले माप आहे. म्हणजे आपले लॉन एका पहाटे साडेतीन माणसांचे पाणी पिते, आणि ही साडेतीन माणसे रेशनकार्डावर नसतात. हे पाणी येते कुठून, तर पेंचवरच्या तोतलाडोहातून, नवेगाव खैरीमार्गे, शुद्ध होऊन. 2019 च्या जुलैत तोतलाडोह आटले आणि महापालिकेला एक दिवसाआड पाणी द्यावे लागले. फवाऱ्याच्या टायमरला एक दिवसाआड कळत नाही, तो रोज पहाटे ठरल्या वेळी मोटर सुरू करतो. आणि कोरड्या चाललेल्या मोटरचे काय होते, हे मोटर भरून देणाऱ्या मिस्त्रीला विचारावे. दरम्यान कोराडीचे वीज केंद्र भांडेवाडीला शुद्ध केलेले सांडपाणी वापरते. वीज गटारीच्या पाण्यावर तयार होते, आणि आपल्या लॉनची हरळी पेंचचे पिण्याचे पाणी पिते. या उलट्या व्यवस्थेवर कोणी आक्षेप घेतल्याचे ऐकिवात नाही.

किती पाणी द्यावे, याचे उत्तर पायाखाली असते. इथली काळी माती उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पाडते आणि ओली झाली की फुगून पाणी आत घ्यायचेच सोडते. अर्धा तास सलग फवारले तर पहिली दहा मिनिटे मातीची, उरलेली रस्त्याची. म्हणून दहा मिनिटे पाणी, अर्धा तास विश्रांती, पुन्हा दहा मिनिटे. रोज थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड भरपूर. लॉनवरून चालून पाहावे : पाऊल उचलल्यावर गवत उठून उभे राहिले तर त्याला तहान नाही, ठसा तसाच राहिला तर आहे. शंका उरलीच तर लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसावा. सहज आत गेला तर आज टायमर बंद. आणि उन्हाळ्यात गवत बुडापर्यंत कापू नये. माळ्याला मात्र तसेच कापायला आवडते, कारण मग तो चार दिवस फिरकत नाही.

पाणी जास्त दिल्याने लॉनचे भलेच होते, हा समज सर्वत्र आहे. तो बाळगणाऱ्या गृहस्थांनी 23 सप्टेंबर 2022 आठवावा. जामठ्याच्या मैदानावर भारत आणि ऑस्ट्रेलियाचा टी-20 सामना होता. देशातले महागातले गवत, यंत्रे, माणसे, सगळे हजर होते. मैदान ओले म्हणून सामना आठ-आठ षटकांवर आला. तिथे निदान पाऊस कारणीभूत होता. आपण आपल्या अंगणात तो मोटरने पाडतो.

शेवटी वनस्पतीबद्दल थोडे. हरळी म्हणजे दूर्वाच. काटोल-उमरेडकडच्या शेतकऱ्याने ही हरळी कपाशीतून खणून काढण्यात पिढ्या घालवल्या, आणि उन्हाळ्यात तिला पाणी न देता ती मरेल अशी त्याने वाट पाहिली. ती मेली नाही. वरून पिवळी पडली, खाली मुळे धरून राहिली, मृगात पुन्हा वर आली. तीच हरळी नर्सरीत बर्म्युडा या नावाने चौरस फुटाच्या भावाने मिळते. आपण ती आणतो आणि मे महिन्यात ती जराशी पिवळी पडली की घाबरून फवारा दुरुस्त करायला निघतो. शेतकऱ्याच्या हाती तुषार संच आला तेव्हा तो त्याने हरभऱ्याला आणि गव्हाला लावला. हरळीला लावावा, हे त्याला सुचलेही नसेल. लॉन तपकिरी दिसते म्हणून पाहुण्यांसमोर संकोच वाटत असेल तर त्यांना संध्याकाळी उशिरा बोलवावे.

एवढे करूनही हौस उरत असेल तर लॉन अर्धे करावे. उरलेल्या जागेत कडुनिंब लावावा, त्याला मोठा झाल्यावर फवारा लागत नाही. आणि जूनमध्ये पाऊस लागला की टायमरची पिन काढून ठेवा. या शहरात वर्षाला सुमारे 1100 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या चार महिन्यांत भर सरीत फिरणारा फवारा रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतो, आणि बंगल्यावरची नावाची पाटीही.