मशीन तापलं, अण्णांना बोलवा

अण्णा हुद्द्याने हेडक्लार्क, पण ऑफिसात त्यांची खरी ओळख झेरॉक्स मशीनचे जाणकार अशी. ही पदवी त्यांना कोणी दिलेली नाही आणि ती काढून घेण्याची कोणाची हिंमत नाही. पडद्यावर फ्यूजर तापल्याचा कोड झळकला, की साहेबसुद्धा कंपनीला फोन करायच्या आधी 'अण्णा कुठायत?' असं विचारतात.

अण्णा येतात. बाह्या सारतात. मशीनच्या पाठीवर तळवा टेकवून डोळे मिटतात. 'दमलंय. विश्रांती द्या.' लगेच मशीन बंद होतं, समोर टेबलफॅन लागतो, नकला मागणाऱ्यांना खालच्या दुकानात पिटाळलं जातं आणि अण्णांसाठी चहा येतो. चहा संपला की ते फाइल आडवी धरून सर्व्हिस मोडचे गुप्त आकडे दाबतात. कोड जातो. दुपारी परत येतो. 'मी म्हटलंच होतं, फार दगदग होतेय त्याची!'

कारणांना त्यांच्याकडे तोटा नाही. पावसाळा, व्होल्टेज, स्वस्तातला कागद, मार्चएंड, आणि काहीच लागू पडलं नाही तर अकाउंट्सच्या बाई. इतिहासही तोंडपाठ. 'अहो, १९५९ सालचं झेरॉक्स ९१४ कागद पेटवायचं! कंपनी सोबत आग विझवायचं नळकांडं द्यायची, आणि त्याला म्हणायची काय, तर स्कॉर्च एलिमिनेटर! त्या मानाने आपलं मशीन गुणाचं.'

अखेर कंपनीचा मुलगा येतो. गुपचूप फ्यूजर बाहेर काढतो. त्यातला रोलर सुमारे १८० अंश सेल्सिअसला तापून टोनरची पूड कागदावर वितळवतो. तो किती तापला, हे सांगायचं काम थर्मिस्टरचं. त्याच्यावर टोनरची आणि कागदाच्या भुशाची पुटं चढलेली. गोधडीवरून हात लावून ताप पाहावा, तसा त्याचा कारभार. खबर उशिरा पोचते, तोवर रोलर तापवणारा आतला दिवा पेटलेलाच, आणि पोचते तेव्हा रोलरने मर्यादा ओलांडलेली असते. भरीला मागचा पंखा धुळीने बुजलेला, कारण मशीन भिंतीला चिकटवून ठेवायचा हुकूम अण्णांचाच.

'एवढा खटाटोप कशाला?' अण्णा म्हणतात, 'तो थर्मोस्टॅट काढ आणि वायर डायरेक्ट जोड की! कोडच येणार नाही.'

मुलगा पहिल्यांदाच मान वर करतो. 'बरोबर, काका. कोड नाही येणार. धूर येईल.'

थर्मिस्टर पुसला जातो, पंखा साफ होतो, मशीन वीतभर पुढे सरकतं. सर्व्हिस स्लिपवर अण्णा झोकात सही ठोकतात आणि खाली लिहितात, 'माझ्या देखरेखीखाली.'

तुमच्याही ऑफिसात असे अण्णा असतीलच. त्यांना चहा जरूर पाजा. पण तोच कोड दुसऱ्यांदा आला, तर मेकॅनिकला बोलवा आणि सर्व्हिस मोडचे आकडे अण्णांच्या हाती लागू देऊ नका.