मुक्काम पोस्ट चीन

परदेश पाहून आलेली माणसं गोंदियात आता ढिगानं सापडतात. दुबईवाले आहेत. सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेत सहा महिने राहून आलेल्या आज्या आहेत. थायलंडवालेही आहेत, पण ते फार बोलत नाहीत. या सगळ्यांचा भर महिन्या-दोन महिन्यांत ओसरतो आणि माणूस पुन्हा धानाच्या भावावर येतो. चीन पाहून आलेला माणूस मात्र बरा होत नाही.

बालाघाट रोडवर राइस मिलच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारे आमचे भाऊ हा त्यातला पक्का नमुना. गिऱ्हाईक रबर रोलची जोडी मागायला येतं आणि रोलसोबत फुजियान प्रांत घेऊन जातं. मिल बंद पडलेली, हमाल बिड्या ओढत बसलेले, मालक घामाघूम. तरी भाऊ बेअरिंग हातात धरून ठेवतात, सोडत नाहीत. "हे जिथून येते ना, थ्या मुलुखात मी झोपलो हाये," म्हणतात. मालक म्हणतो, भाऊ, आधी बेअरिंग द्या. भाऊ म्हणतात, "देतो ना. पण कसा झोपलो, थे त आयका."

भाऊंचा सिद्धांत असा, की देश झोपून पाहावा. देवळं, राजवाडे, भिंती हे सगळं फोटोत दिसतं. हॉटेलात उतरणाऱ्या माणसाविषयी त्यांना खरोखर कीव वाटते. "हाटेलातला पलंग पलंगच असते गुरुजी, गोंदियात का चीनात. मंग इतक्या दूर गेले काहून?"

हा सिद्धांत जन्माला आला काटकसरीतून, हे सांगायला हवं. भाऊ स्वतः ते सांगत नाहीत. दुकानातला निम्मा माल चिनी, तो दोन-तीन दलालांच्या हातून यायचा. एका दिवाळीत भाऊंनी दलालीचा हिशेब मांडला आणि त्यांची झोप उडाली. चीनमधल्या ग्वांगझूला १९५७ पासून वर्षातून दोनदा मोठा व्यापारी मेळा भरतो, कँटन फेअर म्हणतात तो, हे त्यांना एका मिलवाल्याकडून कळलं. गोंदियाचं एक बरं आहे. मुंबई-हावडा रेल्वेवर आपण जवळजवळ मध्यात. इकडे हजार किलोमीटर, तिकडे हजार किलोमीटर. भाऊंचा हिशेब सरळ होता: मुंबईकडे हजार किलोमीटर गेलं तर मुंबईच मिळते, हावड्याकडे तितकंच गेलं की पुढे विमानानं चार तासांत चीन.

पण मेळ्याच्या दिवसांत ग्वांगझूतल्या हॉटेलांचे दर आभाळाला भिडतात. पहिल्या रात्रीचं बिल पाहून भाऊंनी दुसऱ्या दिवशी पिशवी उचलली. कुणी तरी सांगितलं, की इथे रात्रभर उघडी असणारी स्नानगृहं असतात. आत शिरायचे पैसे भरायचे, गरम पाण्यात डुंबायचं, ते देतील तो पायजमा-सदरा घालायचा आणि मोठ्या दालनात आरामखुर्चीवर पाय पसरून सकाळपर्यंत पडायचं. चहा आणि कलिंगडाच्या फोडी त्याच पैशांत. एकसारख्या पायजम्यातले शंभर चिनी घोरताहेत आणि मध्ये गोंदियाचा एक माणूस कलिंगड खातो आहे, असं ते दृश्य. भाऊंना तिथून जी चटक लागली ती लागलीच. दलालीचं पुढे काय झालं, ते मी विचारलेलं नाही. माल अजून दलालांकडूनच येतो.

पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१९ साली, ते वहिनींना घेऊन निघाले. यावेळी धंदा नाही, फक्त मुक्काम. हा प्रवास भाऊंच्या तोंडून ऐकायचा असेल तर दुकानात जावं. खरा ऐकायचा असेल तर घरी जावं, कारण तिथे भाऊ बैठकीत बोलत असतात आणि स्वयंपाकघरातून वहिनींची दुरुस्ती येत असते.

पहिला मुक्काम फुजियानमधल्या तुलोऊत. हाक्का आणि मिन्नान लोकांनी बांधलेले हे मातीचे वाडे. बरेचसे गोल, तीन-चार मजली, तळाशी दीड-दीड, दोन-दोन मीटर जाडीच्या भिंती, आत शिरायला एकच मोठा दरवाजा, मध्ये अंगण आणि कडेनं सगळे भाऊबंद राहतात. २००८ साली युनेस्कोनं त्यातल्या ४६ वाड्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. अमेरिकेच्या उपग्रहांना वरून ही क्षेपणास्त्रांची कोठारं वाटली होती, अशी गोष्ट तिथले गाईड रंगवून सांगतात. भाऊंना या कशात रस नव्हता. त्यांना एकच गोष्ट भावली. तळमजल्यावर स्वयंपाक, पहिल्या माळ्यावर धान्य आणि त्याच्या वर झोपायच्या खोल्या. "गुरुजी, कोठीवर झोपतात थे लोक! खाली धान, वर माणूस. चोर येईन कुठून?"

"अन् संडास कुठे होता, थेबी सांगा," आतून आवाज.

भाऊ सांगत नाहीत. वहिनी सांगतात: खाली, वाड्याबाहेर. लाकडी जिना, रात्रीचे दोन, भाऊंच्या हातात टॉर्च आणि तोंडात वास्तुशास्त्र.

दुसरा मुक्काम लोंगजीला, गुइलिनच्या उत्तरेस. अख्खे डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत भाताच्या पायऱ्यांनी कोरलेले, साडेसहाशे वर्षांपासून. आपल्याकडे बांधी सपाट. नांगर टाकला की सरळ जातो. तिथे काही बांध्या इतक्या चिमुकल्या, की गाईडनं एक लोककथाच ऐकवली. शेतकरी संध्याकाळी आपल्या बांध्या मोजायला लागला तर एक कमी. शोधशोध शोधली. शेवटी घरी जायला जमिनीवरचं इरलं उचललं, तर हरवलेली बांधी त्याखाली! सगळे प्रवासी हसले. भाऊ गंभीर झाले. त्यांनी दुभाष्याला विचारलं, "मंग यायचा सातबारा कसा निघते?" धाकट्या भावाशी एका धुऱ्यावरून त्यांचा अकरा वर्षं दावा चालू आहे, हे त्या दुभाष्याला कसं माहीत असणार.

लोंगजीत गाडी खाली वेशीवरच थांबते. वर खांबांवर उभ्या असलेल्या लाकडी घरात मुक्काम, तिथवर दगडी पायऱ्या. सामान पाठीवरच्या टोपल्यात घालून न्यायला बाया असतात, पण त्या पैसे घेतात. म्हणून वहिनींची बॅग भाऊंनी उचलली. त्या बॅगेत पोहे, मेतकूट, लोणचं आणि घरच्या तांदळाची एक पिशवी होती. भाताच्या डोंगरावर भाऊ गोंदियाचा तांदूळ चढवत होते.

वहिनींना मात्र लोंगजी आवडलं. वाटेवरच्या ह्वांगलो गावातल्या याओ बायांचे केस जमिनीला टेकतात आणि त्या ते आंबवलेल्या तांदळाच्या पाण्यानं धुतात, हे पाहून त्या हरखल्या. गोंदियात परतल्यावर आमच्या आळीत महिनाभर एकाही घरी तांदळाचं धुवण गाईला मिळालं नाही.

उत्तरेकडचा प्रवास रात्रीच्या रेल्वेनं. तिथल्या गाड्यांत प्रत्येक डब्याला उकळत्या पाण्याचा नळ असतो, फुकट. भाऊंच्या मते चिनी संस्कृतीनं जगाला दिलेली मोठी देणगी ती हीच. कागद आणि दारूगोळा नंतर. त्या पाण्यावर वहिनींनी पोहे भिजवले, वर मेतकूट, वर लोणच्याचा खार. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी आपल्या शेवयांचा डबा पुढे केला, यांनी पोहे. बोलणं काहीच झालं नाही, जेवण मात्र झालं. पूर्ण प्रवासातली ही एकच गोष्ट दोघंही सारखीच सांगतात.

पिंगयाओ हे जुनं तटबंदीचं गाव. तिथे चौकाच्या वाड्यात 'खांग'वर झोपायची सोय. खांग म्हणजे विटांचा ओटा; चुलीचा धूर आणि ऊब त्याच्या पोटातून फिरवून भिंतीतून बाहेर काढतात. भाऊ म्हणतात, थंडीत याच्यासारखं सुख नाही. वहिनी म्हणतात, एक अंग भाजलं की दुसरं लावायचं, रात्रभर भाकरीसारखी उलटत होते. गावच्या देवळाजवळच्या भोजनालयात शाकाहारी जेवण मिळतं म्हणून दोघं गेले, तर ताटात अख्खा मासा. खवले, शेपटी, सगळं. बौद्ध मठांच्या शाकाहारात सोयाबीनचा असा मासा करण्याची जुनी कला आहे. भाऊंनी तो समजावून सांगितला, स्वतः खाऊन दाखवला. वहिनी उठल्या त्या उठल्याच. गुरुवार होता.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की भाऊंनी चीन पाहिला तो एका दाण्यातून. बीजिंगजवळची भिंत त्यांनी लांबून पाहिली, चढले नाहीत. पण मिंग काळात तिच्या विटा सांधायच्या चुन्यात चिकट तांदळाची पेज घालत, हे कळल्यावर ते खाली बसून राहिले. विज्ञानानंही ते मान्य केलं आहे. पेजेतल्या पिठूळपणामुळे चुना घट्ट धरतो. आल्यावर दुकानात पहिलं वाक्य तेच. "आपली कणी कोणी भावानं घेत नाई, अन् तिकडे पेजेवर बादशाही उभी केली!"

मग २०२० उजाडलं. मार्चमध्ये आळीतल्या लोकांनी भाऊंना खोकला आहे का, ते रस्त्याच्या पलीकडून विचारलं. जूनमध्ये गलवान झालं, चिनी ॲपांवर बंदी आली, चिनी मालाच्या होळ्या पेटल्या. भाऊंच्या दुकानात खोक्यांवरची चिनी अक्षरं रातोरात वर्तमानपत्रानं झाकली गेली. पाच वर्षं भाऊ गप्प होते. त्या काळात ते फार तर सिंगापूरबद्दल बोलत, तेही ऐकीव. त्यांचं वजन घटलं.

याच काळातली एक गोष्ट भाऊ सांगत नाहीत, मी सोबत होतो म्हणून मला ठाऊक. अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडाजवळ तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत आहे, १९७० च्या दशकापासूनची. आम्ही तिथे थुक्पा खायला थांबलो. पाच वर्षांचा तुंबलेला माणूस. भाऊंनी एका म्हाताऱ्याला ल्हासाच्या रेल्वेचं सांगायला सुरुवात केली. २००६ साली सुरू झाली, पाच हजार बहात्तर मीटरवरून जाते, डब्यात प्राणवायू सोडतात, परदेशी माणसाला परवाना काढावा लागतो. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "तुम्हाला देतात परवाना?" भाऊ म्हणाले, देतात म्हणे. "बरं," तो म्हणाला आणि भांडी उचलून आत गेला. नवेगाव बांधपर्यंत भाऊ एक अक्षर बोलले नाहीत. आमच्या ओळखीतला तो एक विक्रमच.

२६ ऑक्टोबर २०२५ ला कोलकाता-ग्वांगझू थेट विमान पुन्हा सुरू झालं. पेपरातली बातमी भाऊंनी कापून लक्ष्मीच्या तसबिरीखाली लावली आणि त्यांची वाचा परत आली, ती व्याजासकट. आता त्यांनी ह्यू-एन-त्संगलाही घरचा केला आहे. तो सातव्या शतकात आपल्याकडे आला, महाराष्ट्र पाहिला, दक्षिण कोसलाचं वर्णन लिहिलं, सोळा-सतरा वर्षांनी ६४५ साली परत गेला आणि मग शिष्याला बसवून सगळं सांगितलं. "थ्याले लिहून घेणारा शिष्य होता गुरुजी," भाऊ म्हणतात आणि माझ्याकडे पाहत राहतात. मी चष्मा पुसतो.

शिष्य मिळेना म्हणून भाऊंनी गिऱ्हाईक शोधलं. हिवाळ्यात परसवाडा-झिलमिलीच्या तलावांकडे पक्षी पाहायला, सारसांचे फोटो काढायला पुण्या-नागपूरची मंडळी येतात. भाऊंनी दुकानामागच्या गोदामावर दोन खोल्या चढवल्या, तुलोऊच्या नियमानं: खाली स्वयंपाक, मध्ये धानाची पोती, वर पाहुणे. खोलीत चोवीस तास गरम पाण्याचा थर्मास. संडास खाली. उंदरांचा उल्लेख नियमात नव्हता, पण पोत्यांमागून तेही आले.

पाहुण्यांना खोली आवडली, पोहे आवडले, उंदीरही एकवेळ चालले असते. पण सारस पाहायचा तर पहाटे चारला उठावं लागतं आणि भाऊ रात्री एकपर्यंत लोंगजीच्या पायऱ्यांवरच असायचे. एक जोडपं झोपायला म्हणून मध्यरात्री रेल्वे स्टेशनवर निघून गेलं. तेव्हा वहिनींनी कारभार हाती घेतला. जिन्याखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली आहे: "एक रात्र ८०० रु. चीन ऐकायचं नसल्यास १००० रु."

या हंगामात एकूण एक पाहुण्यानं हजार भरले. भाऊ नाराज नाहीत. दोनशे रुपये आपल्यामुळे जास्त येतात, हे ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, आणि मग बेअरिंग हातात धरून, ते कसे येतात, हे सांगायला लागतात.